फाटकावरची खुर्ची

“समज, तू फाटकावर उभी आहेस आणि समोरून एक अनोळखी माणूस आला. त्याला पहिला प्रश्न कोणता विचारशील?”

इंगवले मॅडमनी हा प्रश्न वर्गात सगळ्यांत आधी मला विचारला, कारण मी पहिल्या बाकावर होते. मी उठून उभी राहिले आणि मनापासून सांगितलं, “पाणी देऊ का, असं विचारीन.”

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“आणि तो चोर निघाला तर?”

“तहान त्यालाही लागतच असणार की, मॅडम.”

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव ‘पाणपोई’ पडलं. आता या गोष्टीला बारा वर्षं होत आली, पण आमचा दस्तगीर अजून फोनवर “काय पाणपोई, बरं हाय न्हवं?” असंच विचारतो.

निपाणीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात तेव्हा कम्युनिटी कॉलेज नवंनवं निघालं होतं आणि त्यात ‘सुरक्षा शास्त्र आणि तंत्रज्ञान’ नावाचा वर्षभराचा डिप्लोमा सुरू झाला होता. नाव ऐकून गावाला वाटलं, आत बंदुका असणार. प्रत्यक्षात होते चार कॅमेरे, एक धातुशोधक यंत्र, आग विझवायच्या लाल नळकांड्या आणि इंगवले मॅडम. मॅडम महिला कारागृहातून निवृत्त झालेल्या. त्या म्हणायच्या, “जन्मभर माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून राबले, आता आत येऊ नयेत म्हणून शिकवतेय. काम एकच, फक्त तोंड फिरवून उभं राहायचं.”

माझ्या आईला मात्र हे शिक्षण मुळीच पसंत नव्हतं. आईची खानावळ एसटी स्टँडच्या मागं. वडील मी लहान असतानाच गेले आणि आईनं त्या खानावळीवर मला वाढवलं. तिचा एकच धर्म, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. भाकरी संपली तर भात, भात संपला तर पिठलं, तेही संपलं तर निदान गूळपाणी. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा ती म्हणाली, “दारात आलेल्याला जेवू घालायची विद्या तुला घरात फुकट मिळालीया. आता त्याला हाकलायची विद्या शिकायला कॉलेजात जातीस व्हय?”

तिचंही काही चुकीचं नव्हतं. पण मला गाव ‘मावशीची पोरगी’ म्हणून ओळखायचं. मला मावशीची पोरगी असण्याची लाज नव्हती. फक्त माझं नाव छातीवर लावलेलं, चार लोकांनी वाचलेलं, असं एकदा तरी बघायचं होतं. वैजयंता खोराटे. एवढं मोठं नाव बारशाला ठेवलं आणि पुढं ते कुणी वापरलंच नाही.

आईचा विरोध असा, पण गंमत बघा, वर्गातल्या खेड्यांवरून येणाऱ्या मुलांचे डबे तिच्याच खानावळीतून यायचे, आणि ते पोचवायला ती रोज दुपारी स्वतः यायची. डबे ठेवून जाईल तर ती आई कसली. कोण किती जेवतं ते बघत बसायची, पिराजीला “वांगं टाकू नगंस” म्हणायची, दस्तगीरला जास्तीची भाकरी वाढायची. कॉलेजच्या फाटकावर तिला कुणी कधी काही विचारलं नाही. प्राचार्यांना विचारलं असतं, तिला नाही.

दिवाळीआधी आमची एक चाचणी झाली. मी फाटकावर होते. एक हसतमुख माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आला. “मुलगा झाला, ताई. सरांना पेढे द्यायचेत.” मी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला, बाळाचं वजन विचारलं आणि सरांची खोली दाखवली. थोड्या वेळानं तो प्रोजेक्टर उचलून घेऊन आला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले बघून मी त्याला फाटक उघडून धरलं.

मॅडमनी मला त्या दिवशी खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“खोराटे, कॅमेरे तुला सगळ्यांत चांगले कळतात. आगीचं तर तू पाठ म्हणतेस. पण कुलूप फसत नाही गं, माणूस फसतो. आणि तुला ‘नाही’ हा शब्दच येत नाही. शेवटच्या प्रात्यक्षिकात तो आला नाही, तर मी तुला पास करणार नाही. दूध संघाला फाटकावर एक बाई हवी आहे. त्यांचे सुरक्षा अधिकारी चौगुले साहेब त्या दिवशी बघायला येणार आहेत. मला तुझंच नाव सांगायचं होतं.”

‘होतं’ म्हणाल्या, ते मला लागलं. घरी आईनं तर आधीच सांगून ठेवलेलं, “नापास झालीस तर निमूट चुलीम्होरं बसायचं. कबूल?” आणि मी, अर्थातच, ‘नाही’ म्हणता येत नसल्यामुळं कबूल म्हणाले होते.

मग माझी तालीम सुरू झाली. दस्तगीर हा मूळचा पैलवानी अंगाचा आणि फार मायाळू. त्यानं मला शिकवायचं मनावर घेतलं.

“वैजू, तुझं पेन दे.”

“घे.”

“अगं, नाही म्हण की.”

“तुला लागत असेल म्हणून…”

“मला लागत न्हाई. आता म्हण. पेन दे.”

“नाही,” मी म्हणाले, आणि मला इतकं वाईट वाटलं, की मधल्या सुट्टीत मी त्याला नवीन पेन आणून दिलं. दस्तगीरनं कपाळाला हात लावला. मी आरशापुढं ‘नाही’ म्हटलं, शेजाऱ्यांच्या म्हशीपुढं म्हटलं. म्हैस चारा मागत माझ्याकडं बघत राहिली आणि मी पेंढीची गाठ सोडली.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. मॅडमनी घरून एक पितळी तांब्या आणला, लखलखीत घासलेला, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत स्टुलावर ठेवला.

“आज दिवसभरात कधीतरी एक चोर येईल. कोण ते मला आणि चोरालाच ठाऊक. पाच वाजेपर्यंत हा तांब्या इमारतीबाहेर गेला, तर ज्याच्या हातून गेला तो नापास. पिवळा पास असल्याशिवाय कुणी आत येणार नाही. आत येणारी प्रत्येक वस्तू उघडून बघायची. सवलत कुणाला नाही, मला सुद्धा नाही. आणि वागताना लक्षात ठेवा, तुम्ही कुणाचे जेलर नाही. जेलर मी होते.”

पिराजी कॅमेऱ्यांच्या खोलीत बसला, दस्तगीर जिन्यावर. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि बोटानं फाटक दाखवलं.

फाटकापाशी भोकराचं झाड होतं. त्याखाली मी एक खुर्ची ठेवली आणि शेजारी पाण्याचा जग. मॅडमना ते दिसलं. त्यांनी नापसंतीनं मान हलवली आणि त्या वर गेल्या.

पहिला तास-दीड तास पिवळे पास आले आणि गेले. मग एक स्कूटर थांबली. उतरलेला माणूस पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कडक मिशी. हातात मिठाईचा पुडा. त्यानं माझ्याकडं न बघता फाटकाला हात घातला.

“साहेब, पास?”

“आहे की.” त्यांनी खिसे चाचपले. वरचा, मग पँटचे दोन्ही. “च्यायला, दुसऱ्या शर्टात राहिला वाटतं. मी चौगुले. दूध संघातनं आलोय. तुमच्या मॅडमनी बोलावलंय.”

“पुड्यात काय आहे?”

“पेढे. पोरांसाठी.”

पेढे हा शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगातून वीज गेली. इतके दिवस म्हशीपुढं, आरशापुढं, दस्तगीरपुढं न आलेला शब्द माझ्या तोंडून एकदम बाहेर पडला, आणि तोही मोठ्यानं.

“नाही!”

शिवाय मी शिट्टी फुंकली. दस्तगीर जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या गाळत आला. वायरलेसवर पिराजी ओरडत होता, “तोच! तोच! मिशी लावून आलाय!”

“अहो, मी खरंच चौगुले आहे,” ते म्हणाले.

“चोर कधी ‘मी चोर’ म्हणून ओळख सांगतो काय?” दस्तगीर म्हणाला आणि त्यांची मिशी खरी आहे का, ते वाकून बघू लागला. मी त्याला मागं ओढलं. चौगुले साहेबांचा चेहरा लाल झाला होता, ऊनही रणरणत होतं. माझा हात आपसूक जगाकडं गेला. “बसा, साहेब. पाणी घ्या. मॅडम येईपर्यंत आत सोडता येणार नाही.”

ते बसले आणि पाणी प्याले.

मॅडम आल्या. त्यांनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“खोराटे, हे दूध संघाचे चौगुले साहेब.”

दस्तगीर हळूच झाडामागं सरकला. त्याच्या देहाचा माणूस भोकराच्या झाडामागं लपत नाही, पण त्यानं प्रयत्न केला. मॅडमनी नवा पिवळा पास लिहिला, साहेब उठले. जाता जाता त्यांनी पुड्याकडं हात केला.

“ते… ते तपासून आत पाठवते,” मी म्हणाले. आता बोलून बसले होते, तर निदान नियम तरी पुरा करावा.

त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि निघून गेले. मी पुडा उघडला, पेढे बघितले, पुन्हा दोरी बांधून वर पाठवले. एकही खाल्ला नाही.

“वैजू,” झाडामागून आवाज आला, “नोकरी गेली गं तुझी.”

“माहीत आहे.”

“पण ‘नाही’ फक्कड आलं.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. वर्षभर धरून ठेवलेला शब्द सुटला, तो नेमका ज्याच्या हातात माझी नोकरी त्याच्यावर. वर व्हरांड्यात चौगुले साहेब मॅडमशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि खाली फाटकाकडंच बघत होते. आता डिप्लोमा तेवढा उरला होता, आणि चोर अजून यायचा होता.

दुपार झाली. पोरांना भुका लागल्या. वायरलेसवर पिराजी म्हणाला, “पाणपोई, कोपऱ्यावर मावशी दिसतीया. देवच पावला. आज खरडा आणलाय का विचार.”

रस्त्याच्या कडेनं आई येत होती. डोक्यावर पदर, दोन्ही हातांत कडीचे डबे. रोजच्यासारखीच. तिला बघून माझ्या लक्षात आलं, की तिच्याकडं पास नाही. पास कुणी कधी तिला दिलाच नव्हता. आईला पास द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती फाटकापाशी आली आणि कोपरानं फाटक ढकलू लागली. मी आतून धरलं होतं.

“धर की उघडून. हात मोकळं न्हाईत.”

“आई, पास?”

“काय?”

“आज परीक्षा आहे. पिवळा पास लागतो.”

आई हसली. तिला खरंच विनोद वाटला. “तुला जल्म दिल्याचा पास दावू काय? सर बाजूला. डबं निवाल्यात.”

जिन्यावरून दस्तगीर ओरडला, “वैजू, मावशी हाय! सोड की!” खिडकीतून आणखी दोन डोकी बाहेर आली. सकाळी एका भल्या माणसाला अडवून मी आपलं नुकसान करून घेतलं होतं, आता आईला अडवून सगळ्या वर्गाला उपाशी ठेवणार, असंच सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सोडलं असतं तर कुणीही नावं ठेवली नसती. मॅडमनीही कदाचित ठेवली नसती.

पण ‘सवलत कुणाला नाही’ असं त्या म्हणाल्या होत्या, तेव्हा मी मान डोलावली होती.

“आई, आत जाता येणार नाही,” मी म्हणाले. सकाळचा मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, हे मी जेमतेम ऐकू जाईल असं बोलले. “डबे मी बघून आत पाठवते. पोरं उपाशी राहणार नाहीत. तू इथं सावलीत बस.”

मी खुर्ची पुढं केली. पाण्याचा पेला भरला. आई खुर्चीकडं बघत राहिली. तिनं आयुष्यात हजारो माणसांना ‘बसा’ म्हटलं होतं. तिच्यासाठी दारात खुर्ची ठेवायची वेळ कुणावर आली नव्हती.

“मी काय पावणी हाय?” ती म्हणाली. “हुबीच बरी हाय मी.”

आणि ती उन्हात उभी राहिली. मी एकेक डबा टेबलावर घेऊन उघडू लागले. माझे हात कापत होते. भाकरी. आमटी. वांगं. भात. खरडा होता, पिराजीचं नशीब. मग सगळ्यांत मोठा डबा घेतला, ज्यात ती नेहमी वरची जास्तीची भाकरी आणायची. तो हलका लागला. मी झाकण काढलं.

आत काही नव्हतं. घासून, पुसून, कोरडा केलेला रिकामा डबा.

माझी आई रिकामा डबा घेऊन घराबाहेर पडत नाही. शेजारणीचं भांडं परत करायचं असलं, तरी त्यात चिमूटभर साखर घालते. रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात नेऊ नये, ही तिची शिकवण मला पाळण्यापासून पाठ आहे. मी डब्याकडं बघितलं. त्यात एक पितळी तांब्या आरामात बसला असता.

मी वर बघितलं. आई माझ्याकडं बघत नव्हती, जिन्याकडं बघत होती.

“हा डबा आत जाणार नाही,” मी म्हणाले आणि झाकण लावून तो तिच्या हातात दिला.

तिनं तो घेतला. तिचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते मला तेव्हा कळलं नाही. “मला वाटलं न्हवतं,” ती म्हणाली. “वैजे, मला खरंच वाटलं न्हवतं. जातो मी.” आमच्याकडच्या बायका ‘जातो’च म्हणतात, पण त्या दिवशी ते मला फार लांब गेल्यासारखं वाटलं. ती वळली आणि तशीच उन्हातून चालू लागली. पोरं डब्यांवर तुटून पडली. मी जेवले नाही.

पाच वाजता मॅडमनी सगळ्यांना फाटकापाशी गोळा केलं. दस्तगीरनं वरून तांब्या आणून टेबलावर ठेवला. चौगुले साहेब शेजारी उभे होते.

“चोर येऊन गेला,” मॅडम म्हणाल्या. “कोण होता?”

कुणी टपालवाला म्हणालं, कुणी पाणीपट्टीवाला. पिराजी अजून चौगुले साहेबांकडंच संशयानं बघत होता.

“खोराटे, तू सांग.”

“आई,” मी म्हणाले.

मग दस्तगीर अगदी प्रामाणिकपणे बोलला, “मॅडम, मी जिन्यावर होतो. मावशीनं तांब्या मागितला असता, तर मी पाणी भरून दिला असता.”

मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. मग म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात तुझी आई माझ्या घरी आली होती. पुरणपोळ्या घेऊन. म्हणाली, ‘बाई, माझ्या पोरीला नापास करा. ती दूध संघात गेली तर मी एकटी पडीन, आणि माणसं हाकलून हाकलून पोरीचं मन कठीण होईल.’ मी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि म्हटलं, ‘मी कशाला करू? तुम्हीच करा. परीक्षेदिवशी तुम्हीच चोर व्हा. पोरीनं आत सोडलं, तर ती तुमची. अडवलं, तर पुन्हा हे मागायला यायचं नाही.’ हसली की हो ती. ‘मला अडवंल? माझी वैजू?’ म्हणाली.”

मी खाली बघत होते. आईला मी लागत होते. साधी गोष्ट, पण ती मला तिनं कधी सांगितली नव्हती. ‘चुलीम्होरं बस’ एवढंच सांगितलं होतं.

चौगुले साहेबांनी घसा खाकरला. “पोरी, सकाळी मला अडवलंस, त्यात काय विशेष न्हाई. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. तुम्ही मंडळी पेढ्यानं पोळलेली, पेढा बघून शिट्टी मारलीत. पण आईला अडवलंस, आणि अडवून खुर्ची पुढं केलीस. आमच्या फाटकावर रोज बायाबापड्या दुधाचं कॅन घेऊन येतात. कुणाचं दूध परत जातं, कुणाची वेळ चुकलेली असते. त्यांना हाकलणारं माणूस मला गल्लोगल्ली मिळंल. अडवून ‘बसा’ म्हणणारं मिळत न्हाई. सोमवारपास्नं ये.” मग जरा थांबून म्हणाले, “येताना ह्या पैलवानाला आणू नको. माझी मिशी ओढणार होता.”

पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाण्याचा जग उचलून म्हणाल्या, “हा तेवढा राहू दे बरं का. मीच चुकले होते याच्याबाबतीत.”

मी घरी धावत गेले. आई चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं, ती भाकरी थापत राहिली. त्या रात्री तिनं मला वाढलं, पण हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी जीभ सैल, आईचं मौन पक्कं. मी एकटीच दोघींच्या वाटणीचं बोलत होते. रविवारी माझा नवा गणवेश खाटेवर पसरलेला बघून ती पहिल्यांदा बोलली.

“मला अडवताना तुझं हात कापत हुतं.”

“हो.”

“तरी अडवलंस.”

“हो.”

तिनं गणवेशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

सोमवारी मी दूध संघाच्या फाटकावर उभी राहिले. छातीवर पितळी पट्टी, तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘वैजयंता शं. खोराटे’. येणारा-जाणारा ती वाचतो की नाही, याकडंच माझं अर्धं लक्ष. कॅन घेऊन बाया आल्या, टेम्पो आले, चौगुले साहेब आले आणि त्यांनी मुद्दाम खिशातून ओळखपत्र काढून माझ्या नाकापुढं धरलं. डबा मी नेला नव्हता. मौनव्रतात असलेल्या माणसाकडं डबा कसा मागायचा?

दुपारी फाटकासमोरच्या, पासाशिवाय ओलांडायची नाही अशा पिवळ्या रेघेपाशी एक बाई येऊन थांबली. डोक्यावर पदर, हातात कडीचा डबा. रेघेच्या पलीकडं, बरोबर बोटभर अंतर सोडून.

“पास न्हाई माझ्याकडं,” आई म्हणाली. “आन् आत बी यायचं न्हाई मला. डबा तपासून घ्या, वैजयंता मॅडम.”

माझं नाव तिनं पट्टीवर बघून वाचल्यासारखं सावकाश उच्चारलं. तिनंच ठेवलेलं नाव होतं ते. बारशानंतर बहुधा पहिल्यांदाच तिच्या तोंडून पुरं ऐकलं.

ती वाट बघत उभी होती. मग तिनं स्वतःच कडी काढली आणि एकेक कप्पा उघडून माझ्यापुढं धरला. भाकरी, आमटी, वांगं, खरडा. शेवटच्या कप्प्यात, कुणाच्या हिशेबात नसलेले दोन पेढे.

“बघितलंस न्हवं?” ती म्हणाली. “एक बी रिकामा न्हाई.”

मी चौकीत गेले आणि आतली खुर्ची उचलून आणली. रेघेच्या अलीकडं नाही, पलीकडं, तिच्या बाजूला सावलीत ठेवली.

या खेपेला ती बसली.